आरसा कोणाच्या हाती?

मुंबईच्या पश्चिम उपनगरात, खाडीच्या मुखाशी, वर्सोवा नावाचे गाव आहे. गाव मूळचे कोळ्यांचे. किनाऱ्यावर आजही होड्या लागतात, बांबूंच्या चौकटींवर बोंबील वाळत घातलेले दिसतात. परंतु आज या गावाचे नाव देशभर ज्याच्या त्याच्या तोंडी आहे ते मासळीसाठी नव्हे, चेहऱ्यांसाठी. तेथील आराम नगर नावाच्या वसाहतीत जुन्या बैठ्या घरांतून चित्रपटांसाठी आणि जाहिरातींसाठी माणसे निवडण्याच्या कचेऱ्या आहेत. बीड, बलिया, भोपाळ, कोठून कोठून तरुण-तरुणी येतात, दाराबाहेर रांगेत उभ्या राहतात, खिशातल्या फोनचा आरसा करून केस सारखे करतात आणि स्वतःचे नाव, वय, उंची सांगत स्वतःचेच चित्रण करून देतात.

निवड करणारांच्या तोंडी दोन इंग्रजी शब्द ठरलेले असतात: 'अपमार्केट' आणि 'डाउनमार्केट'. पहिला चेहरा नायकाचा, डॉक्टराचा, बंगल्याच्या मालकिणीचा. दुसरा चेहरा हमालाचा, मोलकरणीचा, पोलिसाचा मार खाणाराचा. पहिला उजळ, दुसरा सावळा. ही विभागणी कोणी धर्मग्रंथ उघडून केलेली नाही, हे आम्हांस मान्य आहे. परंतु पोथी न उघडता जी पाठ म्हणता येते ती पोथी अधिक खोल रुजलेली असते, हेही वाचकांनी ध्यानात घ्यावे.

आम्ही एवढेच विचारतो: हा आरसा कोणी घडवला, आणि तो कोणाच्या हाती आहे?

स्वतःचे चित्र काढण्याचा अधिकार

आजच्या कलेत स्वचित्राला फार मान आहे. कलादालनांत जा, कोणी स्वतःला राजाच्या वेषात रंगवले आहे, कोणी नटीच्या वेषात स्वतःचे छायाचित्र काढले आहे, कोणी भिंतीभर आरसे लावून प्रेक्षकाला त्याचाच चेहरा पाहण्यास भाग पाडले आहे. समीक्षक लिहितात की येथे व्यक्ती स्वतःला शोधते, स्वतःला मुक्त करते. शोधू दे. आमची त्यास हरकत नाही. परंतु स्वतःला शोधण्यापूर्वी एक पायरी असते, तिच्याविषयी हे समीक्षक बोलत नाहीत. ज्याला 'मी' म्हणण्याची मुभा आहे तोच 'मी'चा शोध घेऊ शकतो. रेम्ब्राँने तारुण्यापासून वार्धक्यापर्यंत स्वतःला पुन्हा पुन्हा रंगवले. अमृता शेरगिलने कोवळ्या वयात स्वतःकडे निर्भय नजरेने पाहिले. या दोघांच्याही श्रेष्ठत्वाविषयी वाद नाही. पण आपला चेहरा पाहण्याजोगा आहे हे त्यांना जगापुढे सिद्ध करावे लागले नव्हते.

आमच्या पूर्वजांची गोष्ट वेगळी होती. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायाने चांडाळाची वस्ती गावाबाहेर नेमली, त्याला प्रेतावरची वस्त्रे दिली, फुटक्या भांड्यात जेवण दिले आणि दागिना म्हणून लोखंड दिले. वाचकहो, हा नुसता दंडविधान नाही. हे चित्र आहे! एका माणसाने दुसऱ्या माणसाचे काढलेले, आणि ज्याचे काढले त्याच्या अंगावर जन्मभर वागवायला लावलेले चित्र. कोणता रंग, कोणते कापड, कोणता धातू, सर्व आधीच नेमून दिलेले. ज्याच्या शरीरावर दुसऱ्याने असे चित्र काढून ठेवले, त्याने आरशात पाहिले तरी त्याला तेथे कोण दिसणार?

पुढे काळ बदलला आणि आमचे चित्र काढण्याचे काम चित्रपटाने हाती घेतले. मालाडच्या बॉम्बे टॉकीजने १९३६ साली 'अछूत कन्या' काढला. अस्पृश्य मुलीची भूमिका देविकाराणी यांनी केली. रेखीव भुवया, नितळ कांती. हेतू चांगला होता, हे आम्ही नाकारत नाही. परंतु अस्पृश्य मुलीविषयी करुणा वाटावी म्हणून पडद्यावर तिचा चेहराच बदलावा लागला, हे त्या करुणेचे माप आहे. आमच्या दुःखाला तेथे जागा होती, आमच्या चेहऱ्याला नव्हती.

वर्सोवा ते घाटकोपर

८ जून २०१४ रोजी मुंबईची पहिली मेट्रो सुरू झाली. वर्सोव्याला तिचे एक टोक, घाटकोपरला दुसरे. अंतर ११.४ किलोमीटर, स्थानके १२. वाचकांनी एकवार हा प्रवास आमच्याबरोबर करावा. आमचे सर्व म्हणणे या बारा स्थानकांत सामावले आहे.

वर्सोव्याहून निघून अंधेरी ओलांडली की चकाला लागते. या चकाल्याला हिंदुस्थान युनिलिव्हर कंपनीचे मुख्य कार्यालय आहे. या कंपनीने १९७५ साली 'फेअर अँड लव्हली' नावाचे मलम बाजारात आणले. काळी मुलगी, तिला नोकरी नाही, तिला नवरा नाही. मलम लावले की मुलगी गोरी, नोकरीही हजर, नवराही हजर. असल्या जाहिराती पाहत या देशातल्या दोन पिढ्या वाढल्या. मे २०२० मध्ये अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाची पोलिसाच्या गुडघ्याखाली हत्या झाली, जगभर वर्णद्वेषाविरुद्ध लोक रस्त्यावर आले, आणि त्यानंतर महिन्याभरात कंपनीने 'फेअर' हा शब्द गाळण्याचे जाहीर केले. मलमाचे नाव 'ग्लो अँड लव्हली' झाले. हे पाऊल आम्ही वाईट म्हणत नाही. पण या देशातल्या सावळ्या मुलींनी पंचेचाळीस वर्षे जो आरसा सोसला तो हलवायला मिनियापोलिसच्या रस्त्यावर एका माणसाला मरावे लागले, हे विसरता येत नाही. शिवाय नाव बदलल्याने मनोवृत्ती बदलते काय? वर्सोव्याच्या रांगेत उभ्या असलेल्या मुलीला विचारा.

गाडी पुढे जाते. साकीनाक्यानंतर असल्फा येते. तेथे टेकडीवर दाटीने वसलेली वस्ती आहे. २०१७ च्या अखेरीपासून २०१८ च्या आरंभापर्यंत स्वयंसेवकांनी या वस्तीच्या भिंती पिवळ्या, निळ्या, गुलाबी रंगांनी रंगवून काढल्या. मेट्रोच्या खिडकीतून दिसणारे दृश्य एकदम देखणे झाले. वर्तमानपत्रांनी या टेकडीची तुलना इटलीतल्या पोझिटानो गावाशी केली. रंगवणारांच्या सद्भावनेविषयी आम्हांस शंका नाही, आणि आपले घर रंगलेले पाहून तेथल्या रहिवाशांना आनंद झाला असेल तर तो त्यांच्याकडून आम्ही हिरावू इच्छित नाही. परंतु ते चित्र कोणत्या बाजूने पाहायचे होते, याचा विचार करा. भिंतीच्या आत राहणाराला बाहेरचा रंग दिसत नाही. त्याला दिसते ते पाण्याचे पिंप, अरुंद जिना आणि सामाईक संडासाची रांग. तो रंग गाडीतल्या प्रवाशाच्या डोळ्यांसाठी होता. गरिबाचा चेहरा श्रीमंताला पाहवेल असा करणे याला कला म्हणायचे असेल तर खुशाल म्हणा. त्याला गरिबाचे स्वचित्र मात्र म्हणू नका.

आणि मग घाटकोपर. हे गाव भारतीय चित्रकलेच्या इतिहासात नोंदले गेले आहे, कारण अतुल दोडिया हे थोर चित्रकार येथलेच. १९९४ साली त्यांनी 'द बॉम्बे बकनीअर' हे स्वचित्र काढले. 'बाजीगर' या हिंदी चित्रपटाच्या भित्तिपत्रकाचा आधार घेऊन त्यांनी स्वतःला नायकाच्या थाटात रंगवले, डोळ्यांवर काळा चष्मा दाखवला, आणि चष्म्याच्या दोन काचांत दोन चित्रकारांची प्रतिबिंबे काढली: एकात भूपेन खख्खर, दुसऱ्यात इंग्लंडचे डेव्हिड हॉकनी. चित्र चतुर आहे आणि प्रामाणिकही आहे. चित्रकार सांगतो की मी माझ्या डोळ्यांनी पाहतो असे मला वाटते, पण माझ्या डोळ्यांत माझे गुरू बसलेले आहेत.

हे तत्त्व आम्हांस मान्य आहे. प्रत्येक माणसाच्या डोळ्यांत कोणीतरी उभे असते. आता त्याच घाटकोपरच्या पूर्वेस, द्रुतगती महामार्गालगत चला. तेथे माता रमाबाई आंबेडकर नगर आहे. त्या वस्तीतल्या माणसाच्या डोळ्यांत कोण होते?

पुतळा हेच स्वचित्र

११ जुलै १९९७ च्या सकाळी रमाबाई नगरातील लोकांना बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या गळ्यात चपलांचा हार घातलेला दिसला. लोक रस्त्यावर आले. राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला. दहा माणसे मेली. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी या दुःखाने स्वतःचा अंत करून घेतला. पुढे न्यायमूर्ती गुंडेवार यांच्या चौकशी आयोगाने तो गोळीबार असमर्थनीय ठरवला. या घटनेपासून आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' हा चित्रपट सुरू होतो.

तेव्हा काही सुशिक्षित मंडळी खासगीत म्हणत असत, आणि आजही म्हणतात, "सिमेंटच्या पुतळ्यासाठी माणसांनी एवढे चिडावे काय? आणि ते पुतळे तरी कसे? सगळे एकसारखे. निळा कोट, हातात पुस्तक, वर केलेले बोट. यात कला कोठे आहे?"

या मंडळींना आमचे उत्तर असे. ज्या समाजाला मनूने प्रेताचे कापड नेसवले, त्या समाजातला एक पुरुष कोट घालून, पुस्तक हाती घेऊन, ताठ मानेने उभा राहिला. हा पोषाखाचा षौक नव्हता. अंगावर दुसऱ्याने काढलेले चित्र त्याने पुसले होते आणि त्या जागी स्वतःचे चित्र काढले होते. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले, आणि त्याच परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले की लुगडे नेसण्याची जी पद्धत तुमची जात ओळखू आणते ती सोडा, अंगावरचे ते ओळखीचे दागिने टाका. ग्रंथ जाळणे आणि लुगड्याची नेसण बदलणे ही दोन कामे वरवर किती निराळी दिसतात! परंतु दोन्ही एकच होती. एकाने चित्राचा मूळ आराखडा जळाला. दुसऱ्याने अंगावरची प्रत नाहीशी झाली. स्वप्रतिमेवर लिहिणाऱ्या कलासमीक्षकांना आमचे नम्र सांगणे आहे की या देशातल्या स्वप्रतिमेच्या इतिहासात महाडच्या त्या स्त्रियांना पहिले पान द्या.

म्हणूनच कोल्हापूरच्या बिंदू चौकात ९ डिसेंबर १९५० रोजी, बाबासाहेब हयात असताना, त्यांचा पुतळा उभा राहिला. १९६७ साली संसदेच्या आवारात उभा राहिला. आणि त्यानंतर वस्तीवस्तीत, वर्गणी काढून, गवंड्याच्या आणि गणपती घडवणाऱ्या कारागिरांच्या हातून उभा राहिला. नाक चुकले असेल, कोटाच्या घड्या चुकल्या असतील. ज्यांच्या घरात स्वतःच्या आजोबाचे एकही छायाचित्र नाही, अशा लाखो लोकांनी उभारलेले हे स्वचित्र आहे. त्याच्या गळ्यात चपला घालणारास हे पक्के ठाऊक होते. सिमेंटचा अपमान कोणी करत नाही. त्याने हार घातला तो पुतळ्यात स्वतःला पाहणाऱ्या वस्तीच्या गळ्यात.

आमचे कलावंत आणि नवा ग्राहक

आनंदाची गोष्ट ही की आरसा आता आमच्या कलावंतांच्याही हाती येत आहे. नागपूरचे सवी सावरकर यांनी गळ्यात मडके असलेला अस्पृश्य आणि देवदासी कोरून काढली तेव्हा पाहणाराची मान खाली गेली, चित्रातल्या माणसाची नव्हे. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांची छायाचित्रे घेतली. त्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. विक्रोळीचे विक्रांत भिसे आमच्या चळवळीचा इतिहास कॅनव्हासवर आणत आहेत. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त (२०१३) डुक्कर पकडणाऱ्या कुटुंबातला जब्या शेवटी दगड भिरकावतो, आणि तो दगड थेट कॅमेऱ्याकडे, म्हणजे प्रेक्षागृहात बसलेल्या आपल्याकडे, येतो. इतकी वर्षे आमच्याकडे पाहणाऱ्या काचेवर आमच्याकडून गेलेला तो दगड आहे. दक्षिण आफ्रिकेच्या झानेले मुहोली यांनीही हेच केले. त्यांनी स्वतःची छायाचित्रे घेतली आणि छपाईत आपली त्वचा मुद्दाम अधिक काळी केली. ज्या रंगाची लाज वाटावी असे जगाने शिकवले तोच रंग त्यांनी राजवस्त्रासारखा पांघरला. त्या मालिकेतले एक छायाचित्र त्यांनी घरकाम करणाऱ्या आपल्या आईच्या नावे केले आहे. चकाल्याच्या मलमाला याहून चोख उत्तर आम्ही पाहिलेले नाही.

पण येथे एक सावधगिरीचा इशारा देणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. कलेच्या बाजारात आता आमच्या दुःखाला भाव येऊ लागला आहे. नवा ग्राहक सुसंस्कृत आहे. तो आम्हांला हाकलत नाही, उलट बोलावतो. मात्र त्याला हवा असतो तो झाडू, मडके आणि अश्रू. आमच्या तरुण चित्रकाराने निळे आकाश रंगवले, आईचे हसू रंगवले, वाचनालयातली दुपार रंगवली, तर हा ग्राहक निराश होतो आणि विचारतो, "यात तुमचे असे काय आहे?" वाचकहो, हा प्रश्न ओळखा. वर्सोव्याच्या कचेरीतला 'डाउनमार्केट' हा शब्दच येथे सभ्य कपडे घालून आला आहे. झाडू रंगवायचा की आकाश, हे चित्रकार ठरवील. तेवढे ठरवता येत नसेल तर त्याच्या हाती ब्रश आला असे म्हणता येईल, आरसा आला असे म्हणता येणार नाही.

आता आपल्या घरात

इतरांना दोष देऊन थांबणे आम्हांस साधले असते, पण ते प्रामाणिक झाले नसते. चौदा एप्रिलला आपल्याच वस्तीच्या नाक्यावर जाऊन फलक पाहा. बाबासाहेबांचे चित्र कोपऱ्यात टपालाच्या तिकिटाएवढे, आणि शुभेच्छुकांचे चेहरे परातीएवढे. काळे चष्मे, सोन्याच्या साखळ्या, नमस्काराचे हात. हेही स्वचित्रच नव्हे काय? सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखोंच्या रांगेतली एखादी वृद्ध माता हात जोडते तेव्हा तिच्या पुढ्यात कोणी तरुण पाठ फिरवून, बाबासाहेबांना मागे घालून, फोनमध्ये स्वतःला टिपत असतो. त्याला आम्ही रागावत नाही. आपणही येथे होतो, याचा पुरावा त्याला हवा आहे, आणि पुरावा नसण्याचे दुःख आमच्याइतके कोणाला कळणार? परंतु तेथून घरी नेण्यासाठी पुस्तक घेतले की केवळ चित्र घेतले, हा प्रश्न त्याने त्या रात्री स्वतःस विचारावा.

येथे कोणी विचारील की बुद्धाने तर आत्मा नाकारला. मग बौद्धांना स्वतःच्या चित्राची एवढी काळजी कशाला? प्रश्न योग्य आहे, आणि त्याच्या उत्तरात आमच्या सर्व प्रतिपादनाचा पाया आहे. माणसाच्या आत जन्मतः ठरलेले, न बदलणारे असे काही आहे, हे जातिव्यवस्थेचे म्हणणे. ते खरे असते तर आरशात तेच दिसत राहिले असते आणि पुसण्याचा प्रश्नच उरला नसता. असे स्थिर काही नाही, माणूस आपल्या कर्माने घडतो आणि बदलतो, हे भगवंतांचे म्हणणे. म्हणून चित्र पुसता येते आणि नवे काढता येते. महाडला ते पुसले, नागपूरला नवे काढले. भगवंतांनी लहान राहुलाला आरशाचा उपयोग विचारला आणि शिकवले की तोंड पाहण्यासाठी जसा आरसा, तसे कृती करण्यापूर्वी, करताना आणि केल्यावर तिच्याकडे निरखून पाहावे. तिने स्वतःचे वा दुसऱ्याचे अहित होते काय हे तपासावे. आनंदालाही त्यांनी धम्माचा आरसा दिला, तो या अर्थी की माणसाला स्वतःची परीक्षा स्वतः करता यावी, दुसऱ्याच्या निकालाची वाट पाहावी लागू नये. जो आरसा दुसऱ्याच्या हाती नाही असा आरसा हाच.

सर्वांत मोठे स्वचित्र

शेवटी एका चित्राची आठवण देतो. ते कोणत्याही कलादालनात नाही. १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या भूमीवर बौद्धांची संख्या २,४८७ होती. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा झाली. १९६१ च्या जनगणनेत हीच संख्या २७,८९,५०१ झाली. वाचकहो, हे आकडे चित्र म्हणून पाहा. सत्तावीस लाखांहून अधिक माणसे, बहुतेकांना अक्षर येत नव्हते, दारात आलेल्या गणकाला एक शब्द सांगत होती आणि तो लिहून घेतला जात होता. तो शब्द सांगण्याची किंमतही त्यांना माहीत होती, कारण अनुसूचित जातींच्या केंद्राच्या सवलती तेव्हा बौद्धांना मिळत नव्हत्या. केंद्राने त्या बौद्धांना लागू केल्या त्या १९९० साली, म्हणजे धम्मदीक्षेनंतर चौतीस वर्षांनी. या मधल्या काळात पुष्कळांनी घरात बुद्धवंदना म्हटली आणि कागदावर जुनेच नाव ठेवले. मुलांच्या शिक्षणासाठी ठेवले. त्यांना दूषण देण्याचा अधिकार आम्हांस नाही. २०११ मध्ये महाराष्ट्रात बौद्धांची नोंद ६५,३१,२०० झाली. घराघरांत खरे किती आहेत, हे वाचकाने स्वतःच्या नात्यागोत्यांत पाहावे.

१६ जून २०२५ च्या अधिसूचनेने १ मार्च २०२७ हा ज्या जनगणनेचा संदर्भदिनांक ठरला, तीत जातीचीही नोंद व्हायची आहे, आणि नागरिकाने आपली माहिती स्वतः भरावी अशीही सोय जाहीर झालेली आहे. स्वतःचे चित्र स्वतः काढण्याची ही संधी आहे. धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहिल्याने अनुसूचित जातीचा हक्क बुडतो, ही भीती १९९० च्या कायद्याने निराधार केली आहे. ज्यांना ती अजून वाटते त्यांना हे समजावून सांगणे प्रत्येक वाचकाचे काम आहे. गणक आपल्या सोयीने काही लिहू लागला तर त्याला थांबवा, आपला शब्द आपल्या तोंडाने सांगा, आणि लिहिलेले वाचून घ्या.

वर्सोव्याच्या रांगेतल्या मुलीला कोणी निवडो वा न निवडो. तिचा चेहरा आज दुसऱ्याच्या निकालावर टांगलेला आहे. तुमचा तसा नाही. १९६१ साली निरक्षर आजीने जे चित्र काढले ते साक्षर नातवाने पुसट होऊ द्यावे काय?

जय भीम.